पोटातील वस्ती आणि मेंदूतील गाठ

हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा पाठ



मराठी भाषेने पोट आणि मन यांच्यात फारसे अंतर कधी मानलेले नाही. वाईट बातमी कळली की पोटात गोळा येतो. परगावी निघालेल्या लेकरासाठी आईचे पोट तुटते. कळकळीने बोलणारा पोटतिडकीने बोलतो, मोठ्या मनाचा माणूस दुसऱ्याचा अपराध पोटात घालतो, आणि ज्याच्या शब्दाचा भरवसा नाही त्याच्या पोटात एक आणि ओठांत एक असते. हे वाक्प्रचार रचताना कोणाच्या डोळ्यांपुढे शरीरशास्त्र नव्हते. परंतु गेल्या दोन दशकांत शरीरशास्त्रच या वाक्प्रचारांच्या दिशेने येऊ लागले आहे. आतड्यात वस्ती करून असलेले जिवाणू आणि कवटीच्या आत सुरक्षित बसलेला मेंदू यांच्यात सतत काही देवाणघेवाण चालते, हे आता प्रयोगांनी दाखविले आहे. त्यातूनच पुढचा प्रश्न उभा राहिला: मेंदूच्या कर्करोगावर आणि त्याच्या उपचारांवर या जिवाणूंचा काही परिणाम होत असेल काय? आजच्या व्याख्यानाचा विषय हा प्रश्न आहे.

ज्या घरात हे निदान ऐकले गेले आहे, त्या घरात हा प्रश्न ज्ञानाच्या हौसेपोटी विचारला जात नाही. तिथे रात्री जागून कोणीतरी मोबाइलवर शोध घेत असते. ‘पोट सुधारा, कर्करोग हरवा’ अशा धाटणीच्या मजकुराशी त्याची गाठ पडते, आणि पाठोपाठ महागड्या कॅप्सूलची जाहिरातही येते. म्हणून या विषयात काय ठाऊक झाले आहे, काय केवळ उंदरांत दिसले आहे आणि काय अजून सिद्ध व्हायचे आहे, यांची वेगवेगळी मांडणी करणे आवश्यक आहे.

आरंभ या वस्तीच्या ओळखीने करावा. 1683 साली हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या आंतोनी व्हान लेव्हेनहूक या कापड व्यापाऱ्याने दातांवरचे किटण स्वतः घासलेल्या भिंगाखाली पाहिले, तेव्हा त्याला त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव दिसले. माणसाच्या अंगावर आणि अंगात इतर जीव राहतात, याची ती पहिली मोठी नोंद. पुढे एकोणिसाव्या शतकात पाश्चर आणि कॉख यांच्या कार्यामुळे जंतू म्हणजे रोग हे समीकरण जगाच्या मनात ठसले. शाळांच्या पाठ्यपुस्तकांतही दीर्घकाळ तेच शिकविले गेले, आणि पटकी, क्षय, घटसर्प यांच्या त्या काळात ते योग्यही होते. या समीकरणापलीकडे पाहणाऱ्यांत इल्या मेचनिकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ अग्रभागी होता. शरीरातील काही पेशी जंतूंना गिळून टाकतात, हा त्याचा शोध. त्यासाठी 1908 साली त्याला पॉल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करताना त्याने दुसराही एक विचार मांडला होता. आतड्यातील जिवाणूंचा वार्धक्याशी संबंध असावा आणि आंबवलेल्या दुधातील जिवाणू हितकर असावेत, असे त्याचे म्हणणे होते. बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकऱ्यांच्या दह्याकडे त्याने बोट दाखविले आणि स्वतःही तो नियमाने आंबट दूध पीत असे. त्याचा मृत्यू 1916 साली, वयाच्या 71 व्या वर्षी झाला. दह्याने अमरत्व मिळत नाही, इतके तरी त्यावरून दिसले. परंतु रोगप्रतिकार आणि आतड्यातील जिवाणू हे आजच्या विषयाचे दोन्ही धागे एकाच माणसाच्या हाती होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ही वस्ती किती मोठी आहे? शरीरातील पेशींच्या दहापट जिवाणू आपल्यात असतात, असे अनेक वर्षे सांगितले जाई. 2016 साली इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी हा हिशेब नव्याने केला. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू आणि सुमारे 30 लाख कोटी मानवी पेशी असतात, म्हणजे प्रमाण जवळजवळ बरोबरीचे आहे, असे त्यांना आढळले. या सर्व जिवाणूंचे वजन मात्र अंदाजे 200 ग्रॅम भरते. त्यांतील बहुसंख्य मोठ्या आतड्यात राहतात. आपल्याला न पचणारा भाकरीतला, डाळीच्या सालीतला, पालेभाजीतला चोथा हे त्यांचे अन्न. तो आंबवून ते ब्युटिरेट, ॲसिटेट, प्रोपिओनेट यांसारखी लहान आम्ले तयार करतात. ही आम्ले आतड्याच्या अस्तराला पोसतात आणि काही प्रमाणात रक्तातही उतरतात. या साध्या आम्लांचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

आता रोगाकडे वळू. मेंदूतील कर्करोग दोन प्रकारचे असतात. काही फुप्फुस, स्तन अशा दुसऱ्या अवयवातून मेंदूत पसरलेले असतात, तर काही मेंदूतच उगम पावतात. मेंदूतच उगम पावणाऱ्या कर्करोगांपैकी प्रौढांत सर्वांत अधिक आढळणारा आणि अत्यंत आक्रमक असा प्रकार म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. मेंदूतील चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशींशी नाते असलेली ही गाठ असते. तिला स्पष्ट कड नसते. झाडाची मुळे मातीत पसरावीत तशा तिच्या पेशी निरोगी मेंदूत शिरलेल्या असतात. त्यामुळे शस्त्रक्रियेने दिसणारी गाठ काढली तरी न दिसणारी मागे उरते. वरवर पाहता हा रोग दुर्मीळ आहे. ज्या देशांत पक्क्या नोंदी ठेवल्या जातात तिथे दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे तीन रुग्ण आढळतात. मात्र ज्या घरात तो येतो, त्या घराला या आकड्याचा दिलासा नसतो.

या रोगावरील आजचा प्रमाण उपचार 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीवर उभा आहे. युरोप आणि कॅनडातील 573 रुग्णांवर झालेल्या त्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर किरणोपचाराला टेमोझोलोमाइड या तोंडाने घ्यायच्या औषधाची जोड देण्यात आली. केवळ किरणोपचार घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान 12.1 महिने होते, ते औषधासह 14.6 महिन्यांवर गेले. दोन वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण 10.4 टक्क्यांवरून 26.5 टक्के झाले. वाढ अडीच महिन्यांचीच दिसते, परंतु या रोगाच्या इतिहासात ती मोठी होती. त्यानंतरच्या वीस वर्षांत इतर अनेक कर्करोगांत जी झेप घेतली गेली, ती या रोगात घेता आलेली नाही.

त्याची कारणे मेंदूच्या रचनेत आहेत. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की रक्तातील बहुतेक पदार्थ आत जाऊ शकत नाहीत. ही तटबंदी विषांपासून मेंदूचे रक्षण करते, आणि तीच बहुतेक औषधांनाही बाहेर थोपवते. दुसरे कारण रोगप्रतिकाराशी निगडित आहे. त्वचेच्या मेलॅनोमासारख्या कर्करोगांत अलीकडे अशी औषधे प्रभावी ठरली आहेत की जी कर्कपेशींना थेट मारीत नाहीत. ती शरीराच्या टी पेशींवर लागलेला लगाम सैल करतात. मग त्या पेशी स्वतःच गाठीवर तुटून पडतात. ग्लायोब्लास्टोमात मात्र हा उपाय चालला नाही. उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या 369 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाले. लगाम सैल करणाऱ्या निव्होलुमॅब या औषधाने मध्यम आयुर्मान 9.8 महिने, तर तुलनेच्या जुन्या औषधाने 10 महिने मिळाले. म्हणजे लाभ शून्य. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांना 2018 साली यामागचे एक चकित करणारे कारण सापडले होते. या रुग्णांच्या टी पेशी मोठ्या संख्येने अस्थिमज्जेत अडकून पडलेल्या असतात. सैन्य छावणीतच कोंडलेले असेल, तर आघाडीवर लगाम सैल करून उपयोग काय?

याच कोंडीमुळे संशोधकांची दृष्टी पोटाकडे वळली. कारण शरीरातील रोगप्रतिकारक पेशींची एक मोठी छावणी आतड्याच्या भिंतीत आहे, आणि तिथे त्यांना रोज शिकवण देणारे शिक्षक म्हणजे हे जिवाणू.

आतड्यापासून मेंदूपर्यंत तीन वाटा जातात. पहिली व्हेगस या लांब मज्जातंतूची. त्यातील बहुतांश धागे मेंदूकडून पोटाकडे आज्ञा नेणारे नाहीत, ते पोटाकडून मेंदूकडे वार्ता नेणारे आहेत. दुसरी वाट रक्ताची. जिवाणूंनी बनविलेले किंवा बदललेले लहान रेणू रक्तातून दूरवर जातात. येथे एक प्रचलित गैरसमज दूर करणे योग्य ठरेल. शरीरातील सुमारे नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होते, हे खरे. परंतु ते सेरोटोनिन मेंदूची तटबंदी ओलांडत नाही; ते ज्यापासून बनते ते ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मात्र ओलांडते. तिसरी वाट रोगप्रतिकारक पेशींची, ज्या आतड्यात घडतात आणि शरीरभर फिरतात.

या वाटा खऱ्या आहेत हे कसे कळले? जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढविलेले उंदीर त्यासाठी उपयोगी पडले. 2014 साली स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी दाखविले की अशा जिवाणूहीन उंदरांत मेंदूची तटबंदी सैल राहते. त्यांच्या आतड्यात सामान्य जिवाणू वसविल्यावर ती घट्ट झाली. केवळ ब्युटिरेट दिल्यावरही ती सुधारली. पुढच्याच वर्षी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील संशोधकांनी मेंदूतील मायक्रोग्लिया या पहारेकरी पेशींचा अभ्यास केला. जिवाणूहीन उंदरांत त्या अपक्व आणि मंद राहतात, आणि तीच लहान आम्ले मिळताच सावरतात, असे त्यांना दिसले. ग्लायोब्लास्टोमाच्या गाठीत मायक्रोग्लिया आणि त्यांच्या भाऊबंद पेशी एक-तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक भरतात. गाठ त्यांना फितवून आपल्या सेवेस लावते. तेव्हा या पेशी कशा घडतात हा प्रश्न गाठीच्याही स्वभावाचा प्रश्न ठरतो.

जिवाणूंचा प्रभाव मेंदूतील विकृतीवर पडू शकतो याचे एक उदाहरण अकस्मात हाती आले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या एका विकृतीचा अभ्यास उंदरांवर चालू होता. तो कर्करोग नव्हे. त्यात रक्तवाहिन्यांचे नाजूक पुंजके तयार होऊन रक्तस्राव होतो. प्राणिगृह नव्या जागी हलविल्यावर जनुकीय दोष तोच असूनही उंदरांत विकृती दिसेनाशी झाली. काही मोजक्या उंदरांत मात्र ती दिसत राहिली, आणि त्यांच्या पोटात जिवाणूंमुळे गळू झालेले आढळले. त्या धाग्यावरून शोध घेतल्यावर 2017 साली उलगडा प्रसिद्ध झाला. विशिष्ट जिवाणूंच्या कवचातील एक पदार्थ रक्तातून मेंदूच्या वाहिन्यांपर्यंत पोहोचतो आणि विकृतीला चालना देतो. जागा बदलली, जिवाणू बदलले आणि मेंदूतील रोगही बदलला.

कर्करोगाच्या उपचारांत जिवाणूंचा वाटा असल्याचा भक्कम पुरावा प्रथम मेंदूबाहेरच्या कर्करोगांत मिळाला. 2015 साली शिकागो आणि पॅरिस येथील दोन गटांनी उंदरांत दाखविले की लगाम सैल करणारी औषधे आतड्यातील जिवाणूंच्या साहाय्याशिवाय नीट काम करीत नाहीत. 2018 साली तीन गटांनी रुग्णांत तेच सूचित केले: ज्यांना औषध लागू पडले आणि ज्यांना पडले नाही, त्यांच्या आतड्यातील वस्ती वेगळी होती. फ्रान्समधील अभ्यासात उपचाराच्या आगेमागे प्रतिजैविके घेतलेल्या रुग्णांचे आयुर्मान कमी आढळले. 2021 साली आणखी पुढचे पाऊल पडले. मेलॅनोमाच्या ज्या रुग्णांना औषध लागू पडले होते त्यांच्या विष्ठेतील जिवाणू, ते लागू न पडलेल्या रुग्णांच्या आतड्यात रोवण्यात आले आणि औषध पुन्हा दिले गेले. इस्रायलमधील 10 रुग्णांपैकी 3 जणांना आणि पिट्सबर्गमधील 15 पैकी 6 जणांना लाभ झाला. संख्या लहान आहे, परंतु हे रुग्ण असे होते की ज्यांच्यात औषध आधी निष्फळ ठरले होते.

मेंदूतील गाठीबाबतचा पुरावा अजून बाल्यावस्थेत आहे, आणि तो मुख्यतः उंदरांतील आहे. रोममधील संशोधकांना 2020 साली आढळले की गाठ रुजविण्यापूर्वी दोन आठवडे प्रतिजैविके दिलेल्या उंदरांत ती अधिक वेगाने वाढली, कारण पहारेकरी पेशींचे बळ घटले होते. अमेरिकेतील अलाबामा येथील गटाने निरनिराळ्या निरोगी माणसांचे जिवाणू उंदरांत वसविले. सर्वांना एकच गाठ आणि एकच औषध दिले, तरी जिवाणूंचा दाता कोण यावर औषधाचा परिणाम बदलला. दक्षिण कोरियातील संशोधकांनी 2024 साली दाखविले की मेंदूत गाठ वाढू लागताच उंदरांच्या आतड्यातील जिवाणूंची घडी विस्कटते आणि तेथील ट्रिप्टोफॅन घटते. ते आहारातून भरून काढल्यावर टी पेशी गाठीत अधिक पोहोचू लागल्या आणि लगाम सैल करणाऱ्या औषधाचा गुण वाढला. याचा अर्थ प्रभाव दोन्ही दिशांनी चालतो. पोट मेंदूतील गाठीवर परिणाम करते, आणि गाठही पोटावर करते.

मानवी गाठीतून आलेला सर्वांत लक्षवेधी पुरावा झुरिकचा आहे. 2023 साली तेथील संशोधकांनी एका रुग्णाच्या ग्लायोब्लास्टोमातून वेगळ्या केलेल्या टी पेशींचा सूक्ष्म अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील पेशी गाठीतील प्रथिनांचे तुकडे ओळखत होत्या, आणि रोगजंतूंचे तसेच आतड्यातील नेहमीच्या जिवाणूंचे तुकडेही ओळखत होत्या. दोन्हींत साम्य असल्याने जिवाणूंच्या निमित्ताने शिकलेला धडा गाठीच्या विरुद्धही वापरता येऊ शकेल, अशी आशा त्यातून निर्माण झाली. लस घडविण्याच्या दृष्टीने ही दिशा महत्त्वाची आहे.

येथे थांबून दुसरी बाजू पाहिलीच पाहिजे. कोरियातील प्रयोग वाचून कोणी ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या आणावयास निघेल. परंतु 2011 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील संशोधकांनी दाखविले होते की मेंदूतील गाठी याच ट्रिप्टोफॅनचे रूपांतर काइन्युरेनिन या पदार्थात करतात आणि त्याच्या साहाय्याने रोगप्रतिकाराला झोपवून स्वतः वाढतात. एकच पदार्थ, पण आतड्यात मित्र आणि गाठीच्या शेजारी शत्रू ठरू शकतो. कोणत्या रुग्णात कोणते पारडे जड होईल, हे सांगण्याची क्षमता आज वैद्यकशास्त्रात नाही.

रुग्णांवरील अभ्यासांचीही अशीच अडचण आहे. ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांची जिवाणूवस्ती निरोगी माणसांहून वेगळी आढळते. परंतु या रुग्णाची भूक मंदावलेली असते, हालचाल घटलेली असते, उलट्या थांबविणाऱ्या औषधांनी बद्धकोष्ठ झालेले असते आणि मेंदूची सूज उतरविण्यासाठी डेक्सामेथासोन चालू असते. एवढ्या सर्व गोष्टींनी आतडे बदलणारच. मग दिसणारा फरक रोगाचे कारण मानायचा की रोगाचा परिणाम? जिथे धूर तिथे अग्नी हे न्यायशास्त्रातले अनुमान येथे अपुरे पडते. आधी काय पेटले हे शोधावे लागते.

औषधे आणि जिवाणू यांचा संबंध आणखी एका रीतीने येतो. इरिनोटेकॅन हे औषध काही वेळा उलटलेल्या गाठीत वापरले जाते. यकृत ते निष्प्रभ करून पित्तावाटे आतड्यात सोडते. तेथील काही जिवाणूंचे विकर ते पुन्हा सक्रिय करते आणि रुग्णाला तीव्र जुलाब होतात. 2010 साली उंदरांत हे विकर रोखून जुलाब टाळता आले. म्हणजे औषधाचा गुण आणि त्याचा त्रास दोन्हींत या वस्तीचा हात असू शकतो.

आता त्या जागत्या घराकडे परत येऊ. प्रतिजैविकांनी अपाय होतो, एवढेच अर्धवट वाचून एखादे कुटुंब मोठी चूक करू शकते. टेमोझोलोमाइड आणि किरणोपचार एकत्र चालू असताना रुग्णाच्या टी पेशी घटतात आणि न्यूमोसिस्टिस या बुरशीमुळे फुप्फुसाचा जीवघेणा संसर्ग होण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी डॉक्टर कोट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक देतात. जिवाणूंच्या रक्षणासाठी ते परस्पर बंद करणे म्हणजे गवत वाचवण्यासाठी कुंपण मोडणे होय. डेक्सामेथासोनबाबतही तेच. ते रोगप्रतिकार दाबते हे खरे, परंतु ते अचानक बंद केल्यास मेंदूची सूज आणि इतर गंभीर संकटे ओढवतात. टाळायची आहेत ती अनावश्यक प्रतिजैविके. सर्दी-पडशासाठी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेली, दोन दिवस घेऊन सोडलेली. ही सवय तर निरोगी घरांनीही सोडावयास हवी.

दुसरी चूक बाजारातील जिवाणूंच्या कॅप्सूलबाबत होते. 2021 साली अमेरिकेतील मेलॅनोमाच्या 128 रुग्णांच्या एका अभ्यासात, आहारातील चोथ्यामध्ये प्रत्येक 5 ग्रॅमच्या वाढीमागे रोग वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुमारे 30 टक्क्यांनी कमी आढळला. याच अभ्यासात विकतच्या प्रोबायोटिक कॅप्सूल घेणाऱ्यांना त्यांचा लाभ दिसला नाही, आणि उंदरांत तर त्यांनी उपचाराचा गुण घटवला. शिवाय ज्याच्या पांढऱ्या पेशी घटल्या आहेत, त्याच्या रक्तात हेच ‘चांगले’ जिवाणू शिरून संसर्ग करू शकतात. विष्ठेतील जिवाणूंचे रोपण हा प्रकार तर चाचणीबाहेर करूच नये. 2019 साली अमेरिकेत अशा रोपणातून औषधांना न जुमानणारे जिवाणू दोन रुग्णांच्या रक्तात शिरले आणि त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला.

मग दही, ताक, आंबील यांचे काय? पिढ्यान्‌पिढ्या विरजण जपणाऱ्या घरांना हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. निरोगी माणसासाठी ते उत्तम अन्न आहे. त्यातील बहुतेक जिवाणू आतड्यात कायमचे राहत नाहीत. ते पाहुण्यासारखे येतात आणि जातात. कर्करोगाचे औषध म्हणून त्यांच्याकडे पाहता येणार नाही. उपचार चालू असलेल्या आणि पांढऱ्या पेशी फार घटलेल्या रुग्णाने घरी विरजलेले दही, कच्ची कोशिंबीर, उघड्यावरचा रस यांबाबत डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. ताजे, नीट शिजविलेले, डाळी-भाज्या-भरड धान्ये असलेले साधे जेवण ही मात्र कोणत्याही चाचणीची वाट न पाहता करता येण्याजोगी गोष्ट आहे, आणि चोथा नेमका त्यातच असतो. डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्नही घराने कागदावर लिहून न्यावेत. हे प्रतिजैविक कशासाठी आहे? किती दिवस घ्यायचे? आम्लता कमी करणारी गोळी अजून आवश्यक आहे का? बद्धकोष्ठावर काय करावे? या रोगावरील एखादी चाचणी देशात चालू आहे का? अशा प्रश्नांचा एकही चांगला डॉक्टर राग धरणार नाही.

या संशोधनात भारताला स्वतःचे काम करावेच लागेल, त्याचे कारण ताटात आहे. भोपाळच्या संशोधकांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्य भारत आणि केरळ येथील 110 निरोगी व्यक्तींच्या आतड्यातील जिवाणू तपासले. मध्य भारतातील, प्रामुख्याने वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांत प्रिव्होटेला या जातीचे प्राबल्य दिसले. मासे-मांस असलेल्या केरळी आहारात चित्र वेगळे होते. एका देशातील दोन प्रांतांत इतका फरक असेल, तर टेक्सास किंवा पॅरिसमधील रुग्णांवरून काढलेला निष्कर्ष इंदूर, बडोदे किंवा हैदराबादमधील मराठी घराला जसाच्या तसा कसा लागू करावा? महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या कुटुंबांच्या ताटात तर दोन प्रांत एकत्र नांदतात. पोह्यांशेजारी जलेबी असते, वरणभाताशेजारी ढोकळा किंवा डोसा असतो. त्यांच्या आतड्यातील वस्तीही तशीच दुभाषी असणार. तिचा अभ्यास येथील प्रयोगशाळांनीच करावयाचा आहे, आणि या शाळेच्या बाकांवरून उठलेल्या कोणा विद्यार्थ्याने त्यात हात घालावा, ही अपेक्षा अवास्तव नाही.

समारोपाला एकच शब्द. या व्याख्यानात ‘शकेल’ हे क्रियापद पुन्हा पुन्हा आले. जाहिरातीला ते चालत नाही. तिला ‘होईलच’ हवे असते. निराशेलाही ते चालत नाही. तिला ‘होणारच नाही’ म्हणायचे असते. विज्ञान या दोहोंच्या मधल्या अवघड जागी उभे असते. आतड्यातील जिवाणू मेंदूतील कर्करोगावर परिणाम करू शकतात, त्याच्या उपचारांना साहाय्य करू शकतील, आणि आजच्या घडीला कोणाही रुग्णाने त्यांच्या भरवशावर उपचार सोडू नये, ही तिन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत. उंदरात दिसले आणि माणसात सिद्ध झाले, यांतील अंतर मुलांना शाळेतच समजले, तर उद्या आपल्या घरी संकट आले असता ती शांतपणे योग्य प्रश्न विचारू शकतील. साठ वर्षे या शाळेने आपल्या भाषेतून जे शिकविले, त्याची कसोटी अशा रात्री लागते. पोटात गोळा आला असतानाही डोके जागेवर राहावे, एवढे बळ त्या शिकवणीत आहे.